शिरक्याची माय

घरास आग लागून काय काय जळाले, हे सांगण्यासाठी विमा कंपन्यांनी एक छापील तक्ता केलेला असतो. वस्तूचे नाव, खरेदीचे वर्ष, खरेदीची किंमत, आजची किंमत. गेल्या वैशाखात एरंडवण्यातील आमच्या घराचे गॅरेज जळाले, तेव्हा हा तक्ता भरण्याचा योग आम्हांस आला. बाकीचे रकाने भरले. एका ओळीपाशी मात्र लेखणी अडली ती अडलीच.

वाचकांस आधी हे सांगावयास हवे की, त्या गॅरेजात मोटार कधीच नव्हती. पुण्यातील जुन्या बंगल्यांची गॅरेजे मोटारींसाठी बांधली गेली खरी, परंतु मोटार सोडून जगातील सर्व वस्तूंस तेथे आश्रय मिळतो. आमच्याकडे एक बंद पडलेली स्कूटर होती, लग्नकार्याची पातेली होती, पुस्तकांची दोन कपाटे होती. आणि उत्तरेच्या भिंतीशी, जेथे ऊन म्हणून कधी येत नाही अशा जागी, चिनी मातीच्या नऊ बरण्या होत्या. कोणी सतार छेडतो, कोणी गुलाबांची कलमे करतो, आम्ही आंबवितो. उन्हाळा लागता लागता नारायणगावकडची द्राक्षे आणि पावसाच्या तोंडाशी जांभळे, असा आमचा वार्षिक क्रम. रसात गूळ व धायटीची वाळलेली फुले टाकावी, तोंडास फडके बांधावे आणि वाट पाहावी. ह्या शास्त्रात वाट पाहणे हाच मुख्य प्रयोग आहे.

धायटीची ही युक्ती आमची नव्हे. आसवे-अरिष्टे करणाऱ्या वैद्यांनी ती शतकानुशतके वापरली. त्या फुलांच्या आश्रयास किण्वाचे जीव राहतात, हे सूक्ष्मदर्शकाने मागाहून सांगितले. शार्ङ्गधराने तर, जेथे प्रमाण दिले नसेल तेथे काय करावे, ह्याचाही नियम घालून ठेवला आहे : एक द्रोण द्रवास एक तुळा गूळ, गुळाच्या निम्मा मध, आणि प्रक्षेप दहावा हिस्सा. आंबणे संपले की नाही, हे पाहण्याची वैद्यांची रीतही मोठी सुटसुटीत. पेटती काडी बरणीच्या तोंडात धरावी. विझली तर आत वायू अजून सुटतो आहे, जळत राहिली तर काम आटोपले. अर्थात आमच्या नऊही बरण्यांनी आगीची ओळख काडीएवढीच करून घेतलेली होती.

आम्ही आसवापाशी थांबत नसू. रसाचे मद्य होते आणि मद्यास हवा लागली की त्याचा शिरका होतो. हा दुसरा अर्धा प्रवास आम्हांस अधिक प्रिय. शिरक्यावर एक चिवट, सायीसारखा पापुद्रा धरतो. तो पापुद्रा म्हणजे मळ नसून सजीव सृष्टी आहे, हे पाश्चरने १८६० नंतरच्या दशकात दाखवून दिले. इंग्रज व फ्रेंच लोक त्यास शिरक्याची आई म्हणतात. आम्ही माय म्हणतो. ही माय आम्हांस १९९४ साली जुन्नरच्या आमच्या आत्याबाईंनी दिली. आमचे नवे बिऱ्हाड पाहावयास त्या आल्या, तेव्हा एस्.टी.च्या संपूर्ण प्रवासात त्यांनी काचेची बरणी मांडीवर धरली होती. भांडी वा चादरी न आणता ही बाई नवदांपत्यास आंबट पाण्यातील एक पापुद्रा देते, ह्याचे आमच्या गृहस्वामिनीस त्या वेळी जे वाटले, ते येथे लिहिण्याजोगे नाही. आत्याबाई २००३ साली वारल्या.

आग रात्री अकराच्या सुमारास लागली. मीटरच्या फळीवर शॉर्टसर्किट झाले, असे अग्निशामक दलाच्या अधिकाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितले. १०१ क्रमांक फिरविल्यापासून बंब दारात येईपर्यंत जो काळ गेला तो घड्याळाप्रमाणे थोडाच असावा. आम्हांस तो पुष्कळ वाटला. घर वाचले. छपराचे वासे, स्कूटर व कपाटांचे वरचे खण गेले. जी पुस्तके ज्वाळांनी सोडली ती पाण्याने घेतली. बरण्या एकामागून एक तडकल्या. आंबट वाफेचा तो दर्प पुढे आठवडाभर आमच्या गल्लीत रेंगाळत होता.

त्या दर्पाने एक आख्यायिका जन्मास घातली. प्राध्यापकमहाशय गॅरेजात दारू गाळीत होते आणि तिचाच स्फोट झाला, असे कोपऱ्यावरील वाण्यापासून आमच्या माजी विद्यार्थ्यांपर्यंत सर्वांस सकाळी ठाऊक होते. वस्तुतः शिरक्यात मद्यार्क जवळजवळ उरतच नाही. शेकडा चार ते सहा भाग आम्ल, बाकी पाणी. असा द्रव आगीस खाद्य पुरवीत नाही, तिला विझवितो. बरण्यांलगतच्या कपाटाचा अगदी खालचा खण तेवढा ओला राहून शाबूत निघाला, हे जवानांनीच आम्हांस दाखविले. परंतु रसायनशास्त्रापेक्षा आख्यायिकेची चाल जलद. पंचनाम्यास आलेले हवालदारही प्रथम गंभीर झाले. ते योग्यच होते, कारण १९४९ चा दारूबंदीचा कायदा, नाव बदलले तरी, ह्या राज्यात अद्याप लागू आहे. मग त्यांनी एक खापर उचलून हुंगले आणि म्हणाले, "सर, हा तर चायनीजच्या गाडीवरचा वास!" प्रकरण तेथेच मिटले.

पुण्यास आगी नव्या नाहीत. १८२८ च्या फेब्रुवारीत शनिवारवाडा जळाला, तेव्हा सागवान गेले आणि दगड तेवढे राहिले. ते आजही आपण पाहतो. १८७९ च्या मे महिन्यात बुधवारवाडा गेला तो कायमचाच. विश्रामबागेस त्याच सुमारास झळ लागली, परंतु ती वर्गणीतून सावरली गेली. जळलेल्यांपैकी काय पुन्हा उभे राहील, हे आगीच्या जोरावर क्वचितच ठरते. मागे राहिलेल्यांपैकी कोणास ती वस्तू हवी आहे, ह्यावर ते पुष्कळ अंशी अवलंबून असते.

विम्याचे सर्वेअर हे तरुण व सुस्वभावी गृहस्थ होते. १ एप्रिल २०२१ पासून चालू झालेल्या 'भारत गृह रक्षा' ह्या पॉलिसीत काय बसते व काय बसत नाही, हे त्यांनी समजावून दिले. हस्तलिखिते बसत नाहीत; म्हणजे आमची तीस वर्षांची प्रयोगवही गेली ती गेलीच. बरण्या बसतात. मग आम्ही त्या एका ओळीकडे बोट केले. "शिरक्याची माय, १९९४," त्यांनी वाचले. "सर, ह्याची पावती असेल का?" त्यांची चेष्टा करण्याचा हेतू नव्हता, आम्हीही गंभीरच होतो. गृहस्वामिनी आतून म्हणाल्या, "अहो, आत्याबाईंची पावती कुठून आणणार? खोडून टाका ती ओळ." आम्ही खोडली नाही, कोरी ठेवली.

आमचे एक स्नेही जीवशास्त्राचे अध्यापक आहेत. त्यांनी समाचारास येऊन आमचे दुःख निकालात काढले. हे जंतू हवेत, माशीच्या पायांवर, फळाच्या सालीवर सर्वत्र असतात. आसव उघडे ठेवा, नवी माय आपोआप येईल, असे ते म्हणाले. हे अक्षरशः खरे आहे. पण येईल ती माय असेल. ती माय नसेल. जंतूंच्या जाती दिसावयास सारख्या व गुणांस निराळ्या असतात, हे तर त्यांच्याच शास्त्राने सिद्ध केलेले. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हॅन्सेन ह्याने १८८३ साली किण्वाची एकच शुद्ध जात वेगळी काढली आणि तेथील बिअर बिघडण्याचे थांबले. कारखान्याचा धनी याकोब्सेन ह्याने १८४५ मध्ये म्यूनिकहून किण्व आणले होते. वाटेत मुक्कामोमुक्कामी तो त्यावर गार पाणी ओतीत असे, अशी कथा आहे. १८६७ साली त्याच्याही कारखान्यास मोठी आग लागली आणि त्याने तो पुन्हा उभारला. परंतु आम्हांस त्याची एक गोष्ट ह्याहून मोठी वाटते. हॅन्सेनने वेगळे केलेले ते किण्व त्याने कुलुपात ठेवले नाही, इतर कारखानदारांस देऊन टाकले. व्यापाराच्या दृष्टीने हा वेडेपणा म्हणावा. पण कुलूपबंद किण्वास एक आग पुरते, वाटलेल्यास पुरत नाही.

आम्हीही पुष्कळ वाटली होती. त्यात औदार्य काही नाही. माय वाढते, बरणीत मावत नाही, आणि विरजण मागणाऱ्यास नाही म्हणू नये अशी आमच्या घरची शिकवण. आगीची वार्ता फिरली तशी दोन पार्सले आली. एक नाशिकहून, २००९ साली आमच्या शेजारून तिकडे राहावयास गेलेल्या वहिनींचे. दुसरे सांगलीहून, एका माजी विद्यार्थ्याचे. वहिनींनी सोबत लिहिले होते की, त्या तिला द्राक्षांवरच ठेवतात. विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे कळविले की, त्याच्याकडे ती उसाच्या रसावर वाढली आहे.

आम्ही दोन्ही बरण्या उघडून हुंगल्या. त्या एकमेकींसारख्या नव्हत्या, आणि आठवणीवर विसंबावे तर आमच्या जळालेल्या बरणीसारखीही त्यांतील एक नव्हती. नाशिकची सौम्य, थोडी फळाच्या अंगाची. सांगलीची एकदम नाकात चढणारी. आत्याबाईंची कोणती, हे गृहस्वामिनीस विचारले. त्यांनी दोन्हींत बोट बुडवून चाखले आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आत्याबाई जुन्नरला वेगळ्या होत्या आणि आपल्याकडे राहावयास आल्या की वेगळ्या. ठेवा दोन्ही."

गॅरेजास नवे छप्पर पडले आहे. मीटर बाहेरच्या भिंतीवर हलविला आहे. बरण्या मात्र तूर्त स्वयंपाकघरात, लोणच्यांच्या शेजारी आहेत आणि त्यांवर गावांची नावे चिकटविली आहेत. आषाढात जांभळाचे आसव तयार झाले, ते दोन्हींत निम्मे निम्मे ओतले. नवव्या दिवशी सांगलीच्या बरणीवर पातळ साय धरली. नाशिकची अजून स्वस्थ आहे; आम्ही रोज सकाळी फडके उचलून पाहतो.