दोघींचे खांदे

सुरतच्या लिंबायतमध्ये घरोघरी साड्यांना लेस आणि टिकल्या लावायचं काम चालतं. आमच्या गल्लीत निम्म्या बाया खानदेशातल्या, मीही धुळ्याची. माझा उजवा खांदा आखडला तेव्हा शेजारच्या वहिनींचाही आखडलेलाच होता. दोघींना शुगर, आणि शुगरवाल्यांत हे दुखणं जास्त. वेणी घालता येईना, पदर पाठीवरून पुढे घेता येईना. दोघींनी खांद्यात स्टेरॉईडचं इंजेक्शन घेतलं, व्यायामही सारखेच. वहिनी महिन्याभरात मोकळ्या होऊ लागल्या. माझ्या खांद्याला मात्र ब्लाउजची शिवण घासली तरी कळ जायची.

फिजिओथेरपीच्या आधीच्या ठिकाणी ‘सोसा, त्याशिवाय हात सुटणार नाही’ म्हणत हात वर ओढायचे. मग रात्रभर झोप नाही, सकाळी मानेपासून मनगटापर्यंत ठणका. घरचे म्हणायचे, हिला जरा जास्तच लागतं.

ते खरंच होतं, पण कोणी तपासलं नव्हतं. दुसरीकडच्या फिजिओथेरपिस्ट मुलीने खांदा सोडून आधी नडगीवर अंगठा दाबला. तिथेही मी चटकन ओरडले. मग तिने झोप, डोकेदुखी, पोट, गोंगाटाचा त्रास, सगळं विचारलं. म्हणाली, “बेन, सांध्याचं आवरण आवळलंय हे खरं. पण तुमच्या मज्जारज्जूतल्या आणि मेंदूतल्या नसाही जास्त जाग्या झाल्यात. अशांना त्याच उपचाराचा गुण कमी जाणवू शकतो.” १९८३ साली क्लिफर्ड वुल्फ यांनी उंदरांवरच्या प्रयोगात मज्जारज्जूतला हा बदल दाखवला होता, असंही तिने सांगितलं.

माझ्यापेक्षा हे आमच्या यांना लवकर उमगलं. ते लूमवर काम करतात. ताण्याचा धागा तुटला की मशीन आपोआप थांबतं; पण ती यंत्रणा फार नाजूक लागली असली, तर धागा शाबूत असतानाही थांबत राहतं. त्या दिवसापासून ‘जास्तच लागतं’ हे बोलणं घरात बंद झालं. माझ्या मते अर्धा उपचार तोच.

व्यायाम थांबले नाहीत, ओढाताण थांबली. टेबलावर फडकं ठेवून हात पुढे सरकवायचा, कळ चढायच्या आत मागे घ्यायचा. व्यायामानंतरचं दुखणं रात्रीपर्यंत रेंगाळलं, तर उद्या कमी करायचं. रोज चालायचं, झोपेची वेळ पाळायची. शुगरच्या गोळ्या तर होत्याच.

गंमत म्हणजे ती फिजिओथेरपिस्ट मुलगी हात किती उचलतो त्याचा कोन मोजायची, तो आधी वाढला. दुखणं कितीतरी नंतर उतरलं. मोजलं नसतं तर काहीच फरक नाही म्हणून मी सोडून दिलं असतं. भूल देऊन हात मोकळा करायचं एका डॉक्टरांनी सुचवलं होतं, ते तूर्त बाजूला ठेवलंय. वेणी घालता येते, पण पाठीमागे हात अजून कंबरेपर्यंतच जातो.