बॅटरी अर्धपोटी, वीकेंड फुल्ल!

रिमोटची गाडी घेऊन शिरूर-दौंडच्या मोकळ्या रानात जायचंय? मग गाडीच्या आधी बॅटरीचं टाइमटेबल लावा.

पुण्यात रिमोटची गाडी पळवायला जागा उरलेली नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये वॉचमन ओरडतो, मैदानावर क्रिकेटवाले हाकलतात आणि टेकडीवर फिरायला आलेल्या आजोबांच्या पायात ताशी ५० किलोमीटरनं काही सोडणं बरं दिसत नाही. म्हणून आम्हा चौघांचा फंडा ठरलेला आहे. महिन्यातला एक शनिवार, पहाटे सहाला नगर रोड. शिकरापूर, रांजणगाव करत शिरूर, तिथून न्हावरे, चौफुला, दौंड आणि संध्याकाळी सोलापूर रोडनं घरी. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासची ही चक्कर आहे आणि वर्षभराचा ऑफिसचा ताण उतरवण्याची ताकद तिच्यात आहे.

फक्त एक अट. या ट्रिपचा बॉस तुम्ही नाही, गाडीही नाही. बॉस आहे तिच्या पोटातली लिथियम पॉलिमर बॅटरी, म्हणजे आपली लायपो.

मोबाइल वेगळा, ही वेगळी

‘त्यात काय, मोबाइलसारखी चार्जला लावायची!’ असं नवखे लोक हमखास म्हणतात. मोबाइलच्या बॅटरीला स्वतःचं संरक्षक सर्किट असतं. जास्त भरली, फार उतरली, तर ते मध्ये पडतं. रिमोटच्या गाडीला एका झटक्यात प्रचंड करंट लागतो, म्हणून तिच्या पॅकमध्ये सहसा असं सर्किट नसतंच. ते सर्किट म्हणजे तुम्ही!

आकडे चारच आहेत, पाठ करून टाका. एका सेलचा नाममात्र व्होल्टेज ३.७. पूर्ण भरलेला सेल ४.२. ठेवून द्यायचा असेल तर ३.८ च्या आसपास. आणि ३ च्या खाली कधीच नाही. टू-एस पॅक म्हणजे असे दोन सेल एकापुढे एक, ७.४ व्होल्टचे. पूर्ण भरल्यावर ८.४.

यातला तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित. लायपोला अर्धपोटी राहायला आवडतं. पोट भरून नुसती पडून राहिली, त्यातही उन्हात, की आतलं रसायन बिघडतं, वायू तयार होतो आणि पॅक पापडासारखा फुगतो. उपाशी ठेवली तरी मरते. म्हणून शुक्रवारी रात्री सगळे पॅक फुल्ल करून निवांत झोपायचं, ही सवय सोडा. आमचे पॅक शिरूरपर्यंत अर्धपोटीच जातात.

शिरूर: मामांचं खळं

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदी म्हणतात. घोड नदी ओलांडली की पलीकडे अहिल्यानगर जिल्हा. अलीकडे, गावाबाहेर, आमच्यातल्या एकाच्या मामांचं शेत आहे. मार्च संपताना ज्वारी निघालेली असते, खळं मोकळं असतं आणि बांधापर्यंत मुरमाड जमीन. गाडी उडवायला याहून भारी ट्रॅक नाही! पण रान कुणाचं तरी असतं, त्यामुळे आधी विचारायचं आणि मगच चाक टेकवायचं.

चार्जिंगचा संसार आम्ही खळ्यावरच मांडतो. वाळलेल्या गवतावर किंवा कडब्याच्या गंजीजवळ अजिबात नाही. एक पेटलेला पॅक आणि उन्हाळी वारा एकत्र आले तर आपली हौस गावाला महागात पडेल. मोकळी जमीन, त्यावर लोखंडी डबा, डब्यात एका वेळी एकच पॅक, शेजारी वाळूची बादली. समोर एक माणूस बसलेला. तो चहा पिऊ शकतो, पण उठू शकत नाही.

चार्जर कारच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा घ्या. लायपो मोड, सेलची संख्या बरोबर आणि बॅलन्सची छोटी पांढरी वायर लावलेली, या तीन गोष्टी प्रत्येक वेळी मोठ्यानं म्हणून तपासायच्या. ती छोटी वायर प्रत्येक सेलला सारखं भरते. ती नसेल तर एक सेल उपाशी आणि दुसरा तुडुंब. करंटचा हिशेब सोपा आहे. ५००० एमएएचचा पॅक असेल तर ५ अँपिअर. यालाच ‘वन-सी’ म्हणतात. अर्धा भरलेला पॅक अशानं साधारण पाऊण तासात तयार होतो. एक-दोन पॅक झाले की कारचं इंजिन थोडा वेळ सुरू ठेवा. नाहीतर गाडी पळवायला आलेले तुम्ही संध्याकाळी गाडी ढकलताना दिसाल.

पंधरा-वीस मिनिटं पळवून आणलेला पॅक हाताला चांगलाच गरम लागतो. आमच्यातल्या उतावळ्यानं तो लगेच चार्जरला जोडायला घेतला, तेव्हा बाजेवर बसलेले मामा म्हणाले, “पोरांनो, औतावरनं सुटलेल्या बैलाला आम्ही लगीच पाणी दाखवत नाय. दम खाऊ देतो.”

लायपोच्या माहितीपत्रकात हेच वाक्य छापायला हवं! पॅक गार होईपर्यंत थांबायचं.

मामांना एकच गोष्ट पटत नव्हती. “आमच्या ट्रॅक्टरची बॅटरी उतरून पडली की कामातनं जाते. ती कायम भरलेलीच पायजे.” त्यांचंही बरोबर. ती शिसं आणि आम्लाची. तिला भरलेलं पोट मानवतं, लायपोला अर्धं. दोघींना एकच नियम लावला की एक तरी जाणारच.

दौंड: खरा पेपर उन्हाचा

न्हावऱ्यापुढे उसाचं रान लागतं. इथे थांबून गाडी काढायचा मोह आवरा, उसात शिरलेली गाडी शोधताना बिबट्या भेटायला नको. उसावर फवारणी करणारे ड्रोन आता आपल्याकडे आलेत. त्यातले बरेचसे आपल्याच लायपोच्या थोरल्या बहिणींवर उडतात. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली, ती महिला बचत गटांच्या १५ हजार ड्रोनसाठी. म्हणजे आपण हौसेपोटी शिकतोय ती शिस्त कुणाच्या तरी पोटापाण्याची आहे. तिथे फुगलेला पॅक म्हणजे बुडालेला रोजगार.

दौंडला पोचेपर्यंत दुपार होते. जंक्शन म्हणून गावाचा रुबाब मोठा. पुणे, सोलापूर, मनमाड आणि बारामती, चारी दिशांचे रूळ इथे भेटतात. पण एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि बंद कारच्या आत ६० अंशांच्या वर सहज जातो. जेवायला उतरताना पॅक डिकीत ठेवणं म्हणजे ते तव्यावर ठेवणं. आमचे पॅक थर्मोकोलच्या डब्यातून, टोकांना टोपणं लावून आमच्याबरोबर टेबलापर्यंत येतात. वेटर डबा बघून पार्सल मागतोय का, असं विचारतो. विचारू दे!

आणि हो, एखादा पॅक भरला पण पळवलाच नाही, तर तो तसाच घरी नेऊ नका. चार्जरनं अर्धा उतरवायला काही तास लागतात, कारण छोट्या चार्जरची उतरवण्याची ताकद पाच-दहा वॉटचीच असते. त्यापेक्षा पळवायची वेळ आली की मगच भरायचा. दौंडला बहुतेक वेळा आमचा शेवटचा पॅक भरायचा राहतो, आणि कुणालाच वाईट वाटत नाही.

हे विसरू नका

• गाडीच्या स्पीड कंट्रोलरवर लायपोचा कट-ऑफ सुरू आहे ना, ते घरीच बघा. गाडी मंदावली की थांबा, ‘आणखी एक राउंड’ नको.

• फुगलेला, टोचलेला किंवा आपटलेला पॅक पुन्हा चार्ज करायचा नाही. कचऱ्याच्या डब्यातही टाकायचा नाही, ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यायचा.

• पॅक पेटलाच तर हात लावू नका. वाळू टाका, धुरापासून वाऱ्याच्या उलट बाजूला लांब उभे राहा.

• घरी पोचल्यावर आंघोळीआधी व्होल्टेज बघा. सेलमागे ३.८ असेल तर डबा बंद, कपाट बंद, आणि सोमवारी ऑफिस.