धरणाचा फुगवटा आणि लघवीची पिशवी

आमच्या येलदरीत पोराटोरांनाही विसर्ग, दरवाजे, फुगवटा हे शब्द पाठ असतात. पूर्णा नदीवरचं आमचं धरण १९६८ सालचं. लघवीच्या पिशवीबद्दल मात्र घरात कुणी बोलत नव्हतं, चुलतभाऊ बाइकवरून पडून मणक्याला मार लागेपर्यंत.

सगळ्यांचा एकच प्रश्न, "दादा चालणार कधी?" धोका दुसरीकडेच होता. निरोगी पिशवी साधारण ४००-५०० मिली लघवी कमी दाबात साठवते. रिकामी होताना पिशवी आकसते आणि खालची झडप सैल पडते. मज्जारज्जू दुखावला की बऱ्याचदा हा ताळमेळ जातो. पिशवी आकसते तेव्हाच झडप आवळते. मग फुगवटा मागे किडनीपर्यंत चढतो. किडनी गुपचूप खराब होत जाते, दुखतही नाही.

पहिला उपाय ऑपरेशन नसतो. १९७२ साली अमेरिकेतल्या जॅक लॅपिडिस यांनी दाखवलं की रुग्ण स्वच्छ हातांनी, ठरावीक वेळांनी स्वतः नळी घालून पिशवी रिकामी करू शकतो. सोबत गोळ्या, नाहीतर पिशवीच्या स्नायूत बोटॉक्सची इंजेक्शनं. तरी दाब उतरला नाही, तर लहान आतड्याचा तुकडा उघडून पिशवीला ठिगळासारखा जोडतात. पिशवी मोठी होते, दाब उतरतो. खालून नळी घालणं जमत नसेल, तर अपेंडिक्सची वाट करून तिचं तोंड पोटावर काढतात. ही युक्ती फ्रान्सच्या पॉल मित्रोफानॉफ यांची, १९८० सालची.

दादाने डॉक्टरांना विचारलं, "ऑपरेशननंतर माझी मला होईल ना?"

"नाही. नळी आयुष्यभर लागेल."

शिवाय आतडं पिशवीला जोडलं तरी चिकट स्राव सोडतच राहतं. म्हणून पिशवी धुवावी लागते, खडे होऊ शकतात, तपासण्या सुटत नाहीत. मग एवढं कशासाठी? किडनी वाचावी म्हणून. आणि कपडे कोरडे राहावेत, चारचौघांत बसता यावं म्हणून. दादाने महिनाभर विचार केला आणि हो म्हणाला.

आता त्याच्या मोबाइलवर दर चार तासांनी अलार्म वाजतो. लग्नाचं आमंत्रण आलं की तो न लाजता फोन करून विचारतो, "कार्यालयात व्हीलचेअर आत जाईल असं बाथरूम आहे का?"

बहुतेक वेळा उत्तर येतं, "बघून सांगतो."