मागची साइट

जुन्या के-२२ रिव्हॉल्व्हरची मागची साइट, म्हणजे नेम धरायची खाच असलेली पट्टी, बदलायला काढली आहे. स्मिथ अँड वेसनने १९५७ साली या मॉडेलला १७ हा क्रमांक दिला. माझं त्याच्या आधीचं. घासून घासून खाचेच्या कडा चकाकू लागल्यात, आणि चकाकणारी कड डोळ्याला फसवते. इथे अमेरिकेत जुने नेमबाज म्हणूनच साइटला कार्बाइडच्या दिव्याची काजळी धरत.

सिलिंडर रिकामं असल्याची खात्री केली, पुढचा एक स्क्रू काढला, पट्टी मागे सरकवली, की ती सुटते. नवी बसवणं सोपं. वेळ जातो तो जुळवण्यात. गोळी जिकडे जायला हवी, तिकडे मागची साइट सरकवायची. दोन साइट्समधलं अंतर २०० मिलिमीटर धरलं, तर ०.१ मिलिमीटरचा फरक २५ मीटरवर १२.५ मिलिमीटर होतो.

नेम धरताना नजर पुढच्या साइटवर, म्हणजे माशीवर असते. मागची खाच धूसर, समोरचं लक्ष्यही धूसर. दिशा ठरवणारी गोष्ट स्पष्ट दिसतच नाही, आणि तरी तिच्यावर भरवसा ठेवावा लागतो. माझ्या आयुष्यात अशी खाच कोण होतं? आई फोनवर विचारते, या वयात हा छंद कशाला? दोन्ही प्रश्नांची उत्तरं अजून सापडलेली नाहीत.

एक मात्र पटलंय. गोळ्यांचा पुंजका घट्ट असून बाजूला पडत असेल, तरच स्क्रूला हात लावावा. गोळ्या विखुरत असतील, तर दोष बहुधा साइटचा नसतो.