तालीवरची हरळी

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वर. तिथं वर्षाला ५५०० मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्व कडेला, महादेव डोंगराच्या रांगेत, आमचा माण तालुका. इथं ५०० मिलिमीटर झाला तरी वर्ष चांगलं म्हणायचं. ढग सह्याद्रीवरच रिकामे होतात. खरा भरवसा परतीच्या पावसाचा, आणि तो कधी येतो, कधी पाठ फिरवतो. हातभर माती, खाली मुरूम. अशा जमिनीत बारा महिने जीव धरून राहणारं गवत मी लहानपणापासून एकच पाहिलं, हरळी.

आबांना ती शेतात खपायची नाही. उन्हाळ्यात खोल नांगरट झाली की ढेकळांबरोबर तिच्या काशा, म्हणजे जमिनीखालची खोडं, वर यायच्या आणि आम्हा नातवंडांना पाट्या घेऊन वेचायला जावं लागायचं. पांढरट-पिवळ्या, पेरापेरांच्या, पेराला एकेक डोळा आणि टोक दाभणासारखं. रताळ्याच्या आरपार गेलेली काशी मी हातात धरली आहे. एखादं पेर मातीत राहिलं तरी पावसाला फुटणार, म्हणून आबा आमच्यामागून वाकून पुन्हा चाळत यायचे. पण वेचत वेचत आम्ही तालीपाशी, म्हणजे शेताच्या मोठ्या बांधापाशी, पोचलो की त्यांचा आवाज चढायचा, "तालीवरचीला हात लावू नका रं! ती हाय म्हणून ताल हाय!" वळवाचं पाणी डोंगरावरून सुटलं की त्या मातीच्या तालीवर येऊन आदळायचं. वर पसरत जाणाऱ्या धांदोट्यांची जाळी आणि खाली काशांची वीण, यांनी माती आवळून धरलेली असायची. जिथं तालीवर गवत नव्हतं तिथं भगदाडं पडायची.

१९७२च्या दुष्काळात माणसं खडी फोडायला गेली, घरोघर मिलो ज्वारी आली. त्या उन्हाळ्यात वेचलेल्या काशा आम्ही बांधावर जाळल्या नाहीत. झटकून, थोडक्या पाण्यात खळबळून बैलांपुढे टाकल्या. बैलांनी त्या चवीनं खाल्ल्या.

आईच्या लेखी हीच दूर्वा. भाद्रपदात पावसानं ताण दिला तरी न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर ती मिळायचीच. "तुरा आलेली नको, कोवळी खूड," एवढी एक सूचना. तीन पात्यांचा शेंडा नखानं खुडायचा आणि एकवीस झाल्या की जुडी बांधायची. शेतातला वैरी घरात देवाच्या डोक्यावर कसा, हा प्रश्न तेव्हा पडला नाही, आजही पडत नाही. इतकी चिवट वस्तू देवाला वाहावीशी वाटणं मला फार स्वाभाविक वाटतं.

पुढं नोकरीनिमित्त शहरात राहिलो, शेतीवरची पुस्तकं वाचली, तेव्हा या चिवटपणाचं कारण कळलं. ज्वारी आणि उसाप्रमाणं हरळीही सी-फोर गटातली. कडक उन्हात, कमी पाण्यात तिचं अन्न बनवण्याचं काम चालू राहतं. ताण फारच वाढला की ती वरची पानं वाळू देते आणि काशांत साठवलेल्या अन्नावर तग धरते. तिला सोसत नाही ती सावली. अमेरिकेत जॉर्जियातल्या टिफ्टन इथं ग्लेन बर्टन यांनी हरळीचा आफ्रिकेतल्या तिच्या एका भाऊबंदाशी संकर करून मैदानांसाठी नामांकित वाण काढले. आबांनी पाटीत भरून फेकलेलं गवत ते हेच.

निवृत्तीनंतर गावी घर बांधलं आणि पुढच्या अंगणात काय लावायचं ही चर्चा सुरू झाली. तयार लॉनचे गालिचे आणून अंथरा, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. त्याला रोज पाणी लागणार. एप्रिलात गावात टँकर येत असताना मी अंगणात फवारे सोडणं मला पटणारं नव्हतं. मी तालीकडं गेलो. पायथ्याशी पसरलेल्या हरळीच्या काशा आणि धांदोट्या कापून आणल्या, दोन-तीन पेरांचे तुकडे केले, शेण-मातीच्या काल्यात कालवले आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर भुसभुशीत केलेल्या जमिनीवर पसरले. वर बारीक मातीचा हात दिला. सुरुवातीचे काही आठवडे ओल मोडू दिली नाही, एवढंच. दिवाळीपर्यंत अंगण झाकलं गेलं. गुलाबांच्या वाफ्याकडं तिनं जाऊ नये म्हणून मध्ये शहाबादी फरश्या उभ्या गाडल्या आहेत; तरी कडेनं नजर ठेवावी लागते.

मार्चपासून ती पिवळी पडते, मे महिन्यात तर अंगण पार वाळल्यासारखं दिसतं. नवा पाहुणा हळहळतो. पण वळवाची एक सर पडली की चार-पाच दिवसांत पेरापेरावर हिरवे कोंब दिसतात. बाराही महिने हिरवंगार अंगण हा कोकणाचा हक्क आहे. आमच्या डोंगरात बागेनंही ऋतू पाळावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

माण, खटाव, आटपाडी, जत अशा भागात घर बांधत असाल, तर गवत विकत आणण्याआधी जवळच्या बांधावर जा आणि शेतकऱ्याला विचारून दोन पाट्या काशा आणा. जमिनीत वीतभर खोल ओल गेली की लावा. जागा भरपूर उन्हाची निवडा आणि भाजीच्या वाफ्यापासून तिला लांब ठेवा.