मोटारीची तुटलेली गुंडी

मोटार ही आतां आमच्या साताऱ्याच्या घरांत चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. एकत्र कुटुंबांत ती सर्वांची चाकर असते. आणि सर्वांच्या चाकराची विचारपूस कोणीच करीत नाहीं! नव्या मोटारींच्या इंजिनाखालीं बहुधा प्लॅस्टिकचें एक रुंद झांकण असतें. चिखल व खडे वर उडूं नयेत आणि वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा, हें त्याचें काम. तें नायलॉनच्या कांहीं क्लिपांवर तोललेलें असतें. मधली खिळी दाबली कीं क्लिपेचे पाय फांकतात व ती भोंकांत घट्ट बसते. तिची किंमत एकदोन कप चहाची. पण ती तुटली म्हणजे झांकण लोंबूं लागतें, आणि वेगांत असतांना तें फाटून चाकाखालीं येण्याचें किंवा तापलेल्या सायलेन्सरला चिकटण्याचें भय असतें.

गेल्या पावसाळ्यांत काकूंना पुण्यास शस्त्रक्रियेसाठीं न्यावयाचें म्हणून मी सांगलीस निघालों. कऱ्हाड, पेठनाका, आष्टा असा नेहमींचाच रस्ता. आष्ट्याच्या पुढें एका गतिरोधकावर खालून खरखर ऐकूं आली. सांगलींत एका ठिकाणीं सांगण्यांत आलें कीं, सबंध झांकणच बदलावें लागेल व तें यावयास आठ दिवस लागतील. शस्त्रक्रियेची तारीख तर तिसऱ्या दिवसाची! घरीं हा विचार चालला असतां वहिनी म्हणाल्या, “गुंडी तुटली म्हणून सदरा टाकतां होय, भाऊजी?”

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुतण्याला घेऊन मी कामास लागलों. सपाट फरशीवर गाडी उभी करून हातब्रेक ओढला, चाकांना दगडांची उटी दिली आणि जॅकनें गाडी उचलून तिच्याखालीं लोखंडी घोडे लावले. नुसत्या जॅकच्या भरंवशावर कोणीही गाडीखालीं शिरूं नये. विटांच्या आधारावर तर मुळींच नये, त्या एकाएकीं फुटतात. इंजिन निवूं दिलें आणि डोळ्यांत माती पडूं नये म्हणून चष्मे लावले.

नऊ ठिकाणांपैकीं चार क्लिपा गेलेल्या होत्या. पूर्वीं केव्हां तरी तेल बदलतांना मधली खिळी न काढतां कोणीं त्या पकडीनें उपटल्या असाव्यात, असें मोडलेल्या पायांवरून दिसत होतें. तुटकी क्लिप नमुन्यादाखल नेऊन व भोंकाचा व्यास मोजून तशाच नव्या आणल्या. दोन ठिकाणीं मात्र झांकणाचें भोंकच फाटलें होतें. म्हणजे गुंडीबरोबर काजही गेलें होतें. तेथें जाड प्लॅस्टिकच्या जुन्या डब्याचे तुकडे कापून ठिगळासारखे ठेवले, रुंद वायसर घालून लहान नटबोल्टांनीं आवळले आणि मध्यें नवें भोंक पाडलें. गाडीच्या सांगाड्याला कोठेंही भोंक पाडलें नाहीं. तेथून तारा व इंधनाच्या नळ्या जातात. पाणी निथळण्याच्या फटीही मोकळ्या ठेवल्या. शेवटीं झांकण हातानें हालवून पाहिलें, गल्लींत एक फेरी मारली व पुन्हां खालीं वांकून तपासलें.

तिसऱ्या दिवशीं काकू वेळेवर पुण्यास पोंचल्या. वाटेंत खरखर झाली नाहीं.

झांकणच उभें चिरलें असेल किंवा सांगाड्यांतली बैठक मोडली असेल, तर कारागिराकडेच जावें. ठिगळालाही मर्यादा असते. परंतु साध्या कामालाही हात न लावण्यांत प्रतिष्ठा मानणें आपल्याला शोभत नाहीं. १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं औंध संस्थानांतील कुंडलच्या माळावर कारखाना वसविला, तो याच मुलुखांत. आपल्या मुलामुलींना परीक्षेंतील गुणांबरोबर खिळी, वायसर आणि घोडा हीही ओळखतां यावींत. निदान मोटारीखालीं एकदां वांकून पाहण्याची संवय तरी त्यांना लागावी.