मोठेबाबांचं खातं

मागच्या दिवाळीच्या पंधरा दिवस आधी लोधीखेड्याहून मोठेबाबांचा फोन आला. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, वय वर्षे ऐंशी. ते सहसा तब्येत विचारतात, पुण्यात पाऊस आहे का विचारतात आणि मग मुद्द्यावर येतात. त्या दिवशी थेट मुद्द्यावर आले.

"बाबू, माह्यं नाव कुठी गेलं रे?"

मला वाटलं मतदार यादीचं काही असेल.

"यादीतलं नाही रे. आपल्या मंडळाच्या गप्पांमधलं. माह्या साऱ्या गोष्टी पोरीच्या नावावर चढल्या. न विचारता नामांतरण केलं कोणीतरी."

मध्य प्रदेशात शेतीच्या कागदावरचं नाव बदलतं त्याला नामांतरण म्हणतात. मोठेबाबांनी तो शब्द उगाच वापरला नव्हता. आणि ते 'कोणीतरी' म्हणजे मीच होतो.

झालं होतं असं. तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्या मंडळाच्या दोन जागा होत्या. एक आपलं संकेतस्थळ. त्यावर हे मासिक निघतं, कार्यक्रमांची माहिती येते. ते वर्डप्रेसवर चालतं. दुसरी जागा गप्पांची. ती डिस्कोर्स नावाच्या वेगळ्या सॉफ्टवेअरवर. दोन्हीकडे वेगवेगळं खातं आणि वेगवेगळा पासवर्ड. लेख इथे वाचायचा आणि त्यावर बोलायला तिथे जायचं. निम्मे लोक वाटेतच परत फिरायचे. कार्यकारिणीने मला विचारलं, "तू त्याच क्षेत्रात आहेस, हे जोडता येईल का?" मी म्हटलं, दोन संध्याकाळचं काम आहे. काम खरंच दोन संध्याकाळचं होतं. निस्तरायला मात्र दोन महिने लागले.

आधी हे सांगतो की अशा दोन जागा मुळात वेगळ्या का असतात. मराठीतल्या जुन्या संकेतस्थळांना हा प्रश्न फारसा पडला नाही. मायबोली १९९६ च्या गणेश चतुर्थीला सुरू झाली. पुढे ती आणि मनोगत, मिसळपाव यांसारखी स्थळं ड्रुपलवर चालली. ड्रुपलमध्ये लेख, चर्चा आणि प्रतिसाद एकाच घरात नांदतात, सदस्यांची यादीही एकच. वर्डप्रेसचं तसं नव्हतं. ते २००३ मध्ये आलं ते लिहून प्रसिद्ध करण्यासाठी. चर्चेसाठी बीबीप्रेस २००४ च्या अखेरीस सुरू झालं, पण स्वतंत्र सॉफ्टवेअर म्हणून. दोन्ही जोडायची तर दोघांना सदस्यांचं एकच कोष्टक वापरायला लावावं लागे, गुप्त किल्ल्या दोन्हीकडे तंतोतंत सारख्या ठेवाव्या लागत. एक अक्षर चुकलं की माणूस एकीकडे आत आणि दुसरीकडे दाराबाहेर. २०११ मध्ये बीबीप्रेस वर्डप्रेसच्या आतच बसणारं प्लगिन झालं, तेव्हा ही कटकट संपली.

म्हणजे माझ्यापुढे दोन वाटा होत्या. एक, सगळ्या गप्पा उचलून वर्डप्रेसच्या आत आणायच्या. दुसरी, दोन्ही जागा आहेत तिथेच ठेवायच्या आणि प्रवेश एकच करायचा. मोठेबाबांना मी हे नंतर आपल्या रेल्वेच्या भाषेत समजावलं. आमच्या गावावरून नागपूर–छिंदवाडा ही अडीच फुटी छोटी लाईन जायची. सावनेर, केळोद, लोधीखेडा, सौंसर, रामाकोना. २०१५ मध्ये ती बंद झाली आणि मोठी लाईन टाकायला घेतली. पूल, फलाट, रूळ सगळं नव्याने. काही वर्षं गावाला गाडीच नव्हती. पहिली वाट ही अशी. दुसरी वाट म्हणजे पूर्वीसारखं इतवारीला उतरून मोठ्या गाडीत बसायचं, फक्त तिकीट एकच काढायचं.

मी दुसरी वाट धरली. तिची पद्धत साधी आणि सुरेख आहे. तुम्ही गप्पांच्या दारावर आलात की डिस्कोर्स तुम्हाला ओळख विचारत नाही. एक एकदाच वापरायचा आकडा देऊन तुम्हाला संकेतस्थळाकडे पाठवतं. संकेतस्थळ तुमचा पासवर्ड तपासतं आणि तो आकडा, तुमचा सदस्य क्रमांक, ईमेल आणि नाव अशी चिठ्ठी परत पाठवतं. चिठ्ठीवर दोघांनाच ठाऊक असलेल्या गुप्त किल्लीने केलेली सही असते. सही जुळली की दार उघडतं.

आता खरी गोम. चिठ्ठी घेऊन आलेला माणूस आपल्याकडचा नेमका कोण, हे डिस्कोर्स कसं ठरवतं? आधी सदस्य क्रमांक बघतं. हा क्रमांक पूर्वी कधी आलाच नसेल तर ईमेल बघतं. त्या ईमेलचं जुनं खातं सापडलं की म्हणतं, हाच तो, आणि क्रमांक त्या खात्याला कायमचा बांधून टाकतं. यात सॉफ्टवेअरचं काही चुकत नाही. एक ईमेल म्हणजे एक माणूस, हे ते धरून चालतं. पण आपल्या घरांमध्ये ते खरं असतं का?

मोठेबाबांचं गप्पांमधलं खातं तीन वर्षांपूर्वी त्यांच्या नातीने काढून दिलं होतं. ती तेव्हा अकरावीत होती. मोठेबाबांना ईमेल नव्हता, म्हणून तिने स्वतःचा टाकला. तिला स्वतःला तेव्हा गप्पांमध्ये रस नव्हता. आता ती नागपूरला शिकते. आपण जोडणी केल्यावर तिने हौसेने संकेतस्थळावर आपल्या ईमेलने खातं काढलं आणि गप्पांच्या दारावर गेली. चिठ्ठी गेली, ईमेल जुळला. वर मी एक शहाणपणा करून ठेवला होता. सगळ्यांची नावं नीट देवनागरीत दिसावीत म्हणून 'संकेतस्थळावरचं नाव गप्पांमध्येही लागू करा' हा पर्याय चालू केला होता. एका क्षणात मोठेबाबांच्या तीन वर्षांतल्या चौसष्ट नोंदींवर तिचं नाव आलं.

फोनवर मी म्हटलं, "मोठेबाबा, लिहिलेलं सगळं जागेवर आहे. एक अक्षर गेलेलं नाही. फक्त वरचं नाव बदललंय."

ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू एकदा वाचून पाह्य. मंग सांग काही गेलं का नाही ते."

मी वाचायला बसलो.

त्यांची एक नोंद १९५६ ची आहे. ते पाचवीत होते. १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. आमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. तोवर राजधानी नागपूर होती, संत्री नागपूरला जायची, लेकी नागपूरकडे दिलेल्या. मोठेबाबांनी लिहिलंय की गुरुजींनी फळ्यावर 'राजधानी' लिहिलं, पुढे सवयीने 'नागपूर' लिहिलं, मग फडक्याने पुसून 'भोपाळ' लिहिलं. पुसलेलं नागपूर दिवसभर फळ्यावर अंधुक दिसत होतं. घरी येऊन त्यांनी आजीला विचारलं, "आई, भोपाळ कोणत्या गाडीने जातात?" आजीला ते ठाऊक नव्हतं.

नाव बदलल्यानंतरच्या आठवड्यात या नोंदीवर दोन नवीन प्रतिसाद आले होते. एका काकूंनी लिहिलं होतं, "बेटा, एवढ्या लहान वयात किती छान लिहितेस!" दुसऱ्या एका सद्गृहस्थांनी सौम्यपणे लिहिलं होतं की घरात ऐकलेल्या गोष्टी अशा 'मी पाहिलं' म्हणून लिहू नयेत, इतिहासाच्या दृष्टीने ते बरोबर नाही.

तेव्हा मला कळलं काय गेलं होतं. अक्षर एकही गेलं नव्हतं, पण साक्ष गेली होती. ऐंशी वर्षांचा माणूस 'मी पाहिलं' म्हणतो तेव्हा ती साक्ष असते. तेच शब्द एकोणीस वर्षांच्या मुलीच्या नावाखाली आले की ती ऐकीव गोष्ट होते. किंवा त्याहून वाईट, थाप ठरते. आणि बिचाऱ्या पोरीचा यात काहीच दोष नव्हता. ती तर घाबरून रडकुंडीला आली होती. "काका, मी काही केलं नाही हो," म्हणून मला तीन वेळा फोन केला.

आमच्या भागातल्या लोकांना ही गोष्ट जरा जास्तच लागते, असं मला वाटतं. आपल्या मंडळात इंदूर, देवास, ग्वाल्हेरची घरं आहेत. त्यांचे पूर्वज होळकर, पवार, शिंद्यांच्या काळात माळव्यात आणि ग्वाल्हेरकडे गेले. सौंसर-पांढुर्ण्याकडचे आम्ही कुठून कुठे गेलो नाही. आम्ही जागेवरच होतो, कागदावरचं नाव बदललं. २०२३ पर्यंत जिल्हा छिंदवाडा होता, आता पांढुर्णा आहे. घरात मराठी, कचेरीत हिंदी. तेव्हा 'फक्त वरचं नाव बदललंय' हे वाक्य मी कोणाला ऐकवत होतो, ते मला फोन ठेवल्यावर उमगलं.

दुरुस्ती दूरवरूनही करता आली असती. पण मी दिवाळीला गेलोच. सावनेरमार्गे दुपारी पोहोचलो तेव्हा अंगणात अंबिया बहाराच्या संत्र्यांच्या टोपल्या मांडलेल्या होत्या. मोठेबाबांना त्यांच्या स्वतःच्या फोन नंबरवर ईमेल काढून दिला. पासवर्ड त्यांनी मला दिसू दिला नाही, हे उत्तमच झालं. मग जुन्या खात्याला बांधला गेलेला नातीचा क्रमांक सोडवला, खात्यावर मोठेबाबांचा ईमेल घातला आणि त्यांना संकेतस्थळावरून आत यायला सांगितलं. चिठ्ठी गेली, ईमेल जुळला, चौसष्ट नोंदी परत त्यांच्या नावावर आल्या. नातीला वेगळं खातं झालं, आणि तिने स्वतः लिहिलेले दोन प्रतिसाद तिच्या नावावर केले. नावं बदलणारा तो पर्याय मी बंद केला. पुढच्या दोन महिन्यांत सभासदांची वही काढून घरोघरी फोन केले. एकाच ईमेलवर दोन माणसं असलेली एकवीस घरं सापडली. कुठे नवऱ्याच्या ईमेलवर बायको, कुठे अमेरिकेतल्या मुलाच्या ईमेलवर आई.

हे फोन मी जोडणीच्या आधी करायला हवे होते. सॉफ्टवेअर जोडणं सोपं होतं. कोण कोण आहे, हे आधी माणसांनाच विचारायला हवं होतं.

तर मंडळी, विशेषतः माझ्याहून लहान असलेल्यांना एक विनंती आहे. आजी-आजोबांना खातं काढून देताना घाईत आपला ईमेल टाकू नका. वीस मिनिटं बसा, त्यांचा स्वतःचा ईमेल काढा, त्यांच्याच फोनवर. पासवर्ड त्यांना ठरवू द्या आणि त्यांच्या वहीत त्यांच्याच हाताने लिहू द्या. आज ते फक्त 'सुप्रभात' पाठवत असतील. उद्या एखादी अशी गोष्ट लिहितील जी दुसरं कोणी लिहू शकत नाही, आणि तेव्हा तिच्याखाली त्यांचंच नाव असायला हवं.

मी विचारलं होतं, ते 'बेटा'वाले प्रतिसाद काढून टाकू का? मोठेबाबा नको म्हणाले. त्याच संध्याकाळी ओसरीवर बसून, एकेक अक्षर दाबत त्यांनी दोन्हींना उत्तर लिहिलं. काकूंना लिहिलं, "मी बेटा नाही, ऐंशीचा आहे. पण बरं वाटलं." आणि त्या सद्गृहस्थांना, "तुमचं बरोबर आहे. ऐकलेलं पाहिलं म्हणून लिहू नये. हे मी पाहिलं."